डिझेलच्या फोटोतली शालनबाई

शालनबाई ओव्हाळच्या दहा गुंठ्यांत काय पिकतं हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. तिथून काय दिसतं ते बघायला मात्र दर रविवारी माणसं यायची.

बेगडेवाडीच्या अलीकडे रूळ जिथं हलकासा बाक घेतात, नेमका तिथं तिचा तुकडा होता. सासऱ्याची जमीन बरीच होती. त्यातली काही रस्त्यात गेली, बाकीची दिरांनी बिल्डरला दिली. आता तिथं चौदा मजली इमारती उभ्या होत्या. त्यांची नावं शालनबाईला उच्चारता येत नव्हती आणि उच्चारायचीही नव्हती. रेल्वेच्या कुंपणाला चिकटलेला हा पट्टा तेवढा राहिला, कारण रुळाशेजारी कोण फ्लॅट घेणार म्हणून बिल्डरनं तो मागितलाच नाही. त्यात ती कोथिंबीर, मेथी, पालक लावायची आणि जुड्या बांधून देहूरोडच्या बाजारात नेऊन बसायची. मुलगा बुद्धरत्न निघोजेच्या एका कंपनीत पार्ट तपासायच्या कामावर होता. तो अधूनमधून म्हणायचा, "आई, आता सोड की ते शेत." ती म्हणायची, "तू सोड कंपनी, मी सोडते शेत." तिथं विषय संपायचा.

रविवारची माणसं वाकडहून यायची, सांगवीहून यायची, एक तर चाकणहून मोटरसायकल मारत यायचा. सगळे कॉम्प्युटरवर बसणारे, तिशीच्या आसपासचे. अंगात भरपूर खिसे असलेली बिनबाह्यांची जाकिटं. एवढ्या खिशांत हे लोक ठेवतात तरी काय, हे शालनबाईनं महिनाभर बारकाईनं पाहिलं. एकातून चिक्की निघाली, बाकीचे रिकामे होते. तिच्या बांधावर ओळीनं तिपाया मांडायच्या, कॅमेऱ्याला हातभर लांब नळकांडं जोडायचं आणि तासन् तास रुळांकडे बघत उभं राहायचं. लोकल गेली, कुणी हलायचं नाही. एक्स्प्रेस गेली, तरी नाही. पहिल्यांदा तिला वाटलं, मोजणीला आलेत. पुन्हा काहीतरी जाणार आपलं.

तिनं जाऊन विचारलं. त्यातला आयुष नावाचा उंच, चष्मेवाला पोरगा त्यांचा म्होरक्या होता.

"डिझेलचे फोटो काढतो, मावशी," तो म्हणाला.

"डिझेलचे म्हंजी?"

"डिझेल इंजिनाचे. मालगाडीच्या. इथं वर तारा आहेत ना, त्यामुळे सगळं विजेवर चालतं. पण चिंचवडहून नव्या कार भरून जी मालगाडी जाते, तिला कधी कधी जुनं डिझेल लावतात. दोन इंजिनं, जोडीनं. आता फार राहिली नाहीत ती."

"मग?"

"मग काय?"

"न्हाई राहिली, तर मी काय करू?"

बाकीचे हसले. आयुषही हसला. शालनबाई पदर खोचून परत वाफ्यात जाऊन बसली. मोजणीवाले नाहीत एवढं कळलं, तेवढंच तिला पाहिजे होतं.

तिला या माणसांची कीव यायची आणि कीव ओसरली की चीड यायची. डिझेल इंजिन म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं ती याच लाइनवर रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होती. खडी ओढली, स्लीपरखाली पहारी घातल्या, उन्हात तापलेल्या रुळावर हात भाजून घेतले. डिझेल जवळून गेलं की संध्याकाळी नाकातून काळं यायचं आणि डोक्याला तेलाचा वास राहायचा तो आंघोळीनंही जायचा नाही. ज्याच्यापासून तोंड फिरवायला ती तीस वर्षं धडपडली, त्याचा धूर बघायला ही माणसं सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून येत होती. इंजिनानं जास्त धूर सोडला की जास्त खूश. काळा लोट आला की एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे, जणू त्यांनीच फुंकला होता.

आणि बोलणं तर असं, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी घरातलं गेलंय. अमक्या नंबरचं इंजिन भंगारात निघालं म्हणून आयुष एकदा सगळा वेळ मान खाली घालून उभा होता. या इंजिनवाल्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यावर त्यानं त्या इंजिनावर पानभर लिहिलं होतं म्हणे. शालनबाईच्या सुनेनं, श्रद्धानं, ते फोनवर शोधून वाचून दाखवलं. 'तू आमच्या बालपणाचा आवाज होतास.' शालनबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याचा बाप जिता हाय का?" श्रद्धा म्हणाली, असेल की. "मग त्याच्यावर लिहिलंय का कधी पान?"

गँगची नोकरी तिला नवऱ्याच्या जागी मिळाली होती. सुदाम ओव्हाळ हाही गँगमनच. चौतीस वर्षांपूर्वी एका दुपारी अलीकडच्या लाइनवर मालगाडी आली म्हणून तो पलीकडच्या लाइनवर सरकून उभा राहिला. मालगाडीच्या दणदणाटात त्याला पाठीमागून येणारी दुसरी गाडी ऐकूच आली नाही. बुद्धरत्न तेव्हा चार वर्षांचा होता. पुढच्या वर्षी शालनबाई त्याच गँगमध्ये, त्याच मुकादमाच्या हाताखाली पहार घेऊन उभी राहिली. त्या दुपारविषयी ती कुणाशी बोलायची नाही. घरात सुदामचा एकच फोटो होता, तो नोकरीच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. मोठा करताना नाकडोळे पसरले आणि माणूस कुणीतरी वेगळाच दिसायला लागला. तरी तोच भिंतीवर होता, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आठच्या सुमाराला शालनबाई कोथिंबीर उपटत बसली होती. दोन ओळी काढून झाल्या होत्या. बांधावर त्या दिवशी चौघं होते. एकाच्या फोनवर निरोप आला की चिंचवडहून जोडी सुटली, आणि चौघांत पळापळ सुरू झाली. थोड्या वेळानं तो आवाज आला, जड, तुटक, जमिनीतून पायात चढणारा. शालनबाईनं मानही वर केली नाही. दोन इंजिनं जोडीनं आहेत आणि मागचं नीट ओढत नाही, एवढं तिला बसल्या बसल्या कळलं.

बांधावरून कॅमेरे वाजायला लागले. मग कुणीतरी पळाल्याची चाहूल लागली. आयुष तिच्या वाफ्यातूनच धावत पुढं गेला, कुंपणाची तार जिथं तुटली होती तिथून आत शिरला आणि खडी चढून अलीकडच्या रुळाच्या कडेला गुडघा टेकून बसला. डिझेल पलीकडच्या लाइनवरून येत होतं. त्याला ते खालून, उंच दिसायला हवं होतं. पाठ त्यानं लोणावळ्याच्या दिशेला केली होती.

शालनबाई उभी राहिली ती पाठीमागची गाडी दिसायच्या आधीच. रूळ बोलतो. डिझेलच्या धडधडाटाखाली अलीकडचा रूळ बारीक आवाजात गात होता, आणि तो आवाज ओळखायला तिला विचार करावा लागत नव्हता. तिनं हाक मारली, पण ती तिलाच ऐकू आली नाही. मग ती पळाली. त्रेसष्ट वर्षांची बाई, एका गुडघ्यात पाणी झालेलं, ती कुंपणातून आत गेली, खडीवर चढली आणि आयुषच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून तिनं त्याला मागं खेचला. दोघंही उतारावरून खाली आली. वरून एक्स्प्रेस निघून गेली, तिचा वारा तोंडावर आला आणि त्याबरोबर बारीक खडे उडाले.

गाड्या गेल्यावर आयुष उठून बसला. पँट फाटली होती, कोपर सोललं होतं. त्यानं आधी कॅमेरा उचलून पुढून, मागून बघितला, काच पुसली आणि मग कुठं कोपराकडे पाहिलं.

"मावशी," तो म्हणाला.

"बोलू नको."

"मला खरंच ऐकू नाही आली."

"बोलू नको म्हणलं ना. ऊठ. माझी कोथिंबीर तुडवलीस ती बघ आधी."

ती कुंपणातून बाहेर आली आणि आपल्या वाफ्यात येऊन बसली. पुढची अर्धी ओळ तिनं मुळांची माती न झटकताच ढिगात टाकली. पण ते बघायला कुणी नव्हतं. बाकीचे तिघं आयुषच्या कोपराचा फोटो काढत होते.

दोन आठवड्यांनी आयुष एकटाच घरी आला. श्रद्धानं त्याला खुर्ची दिली, चहा ठेवला. त्यानं मिठाईचा डबा आणला होता आणि कागदात गुंडाळलेली एक मोठी चौकट. आल्या आल्या तो शालनबाईच्या पाया पडला. ते तिला आवडलं नाही, पण तिनं पाय मागं घेतले नाहीत.

"मावशी, तुमच्यामुळे आज मी इथं आहे," तो म्हणाला. "काय द्यावं तेच कळत नव्हतं. मग म्हटलं, त्या दिवशीचाच फोटो द्यावा. मी खाली पळायच्या आधी बांधावरून काढलेला. ग्रुपमध्ये यावर्षीचा सगळ्यात चांगला ठरलाय हा."

श्रद्धानं कागद सोडला. फोटो खरंच मोठा होता, दाराच्या अर्ध्या फळीएवढा. वळणावर एकामागोमाग दोन इंजिनं, वर काळा लोट, मागं मालगाडीचे डबे थेट लांबपर्यंत, आणि पुढं हिरवंगार शेत. शालनबाई जवळ जाऊन बघायला लागली. तिनं चष्मा लावला. वाफे मोजले. मग पुन्हा मोजले.

"हे माझं शेत?"

"तुमचंच, मावशी."

"मी कुठं हाय?"

"म्हणजे काय झालं, तुम्ही अगदी पुढं होतात ना, त्यामुळे नजर इंजिनावर जात नव्हती. मग थोडं स्वच्छ केलं मी. आता सोपं असतं ते, फोनवरही होतं."

"स्वच्छ केलं."

"म्हणजे तसं नाही."

शालनबाईनं फोटोवर बोट टेकवलं. "हितं मी बसले हुते. ह्या दोन वळी मी काढल्या हुत्या. हितं नुसती माती हुती. तू कोथमीर लावलीस व्हय?"

"ते आपोआप भरलं जातं, मावशी. शेजारचं बघून."

"आपोआप." तिनं चष्मा काढला. "माझी कोथमीर कधी उगवली न्हाई बाबा आपोआप."

श्रद्धाला हसू आलं, ते तिनं चहाच्या निमित्तानं आत नेलं. शालनबाई मात्र हसली नाही.

"ज्या दिवशी तुला वढलं, त्या दिवशीचा फोटू. आन् त्यात मीच न्हाई. मग तुला वढलं कुणी?"

"मावशी, चुकलं माझं. मी मूळचा फोटो देतो. तुम्ही असलेला."

"दे."

आयुषनं फोन काढला. बराच वेळ तो अंगठ्यानं खालीवर करत राहिला. कान लाल झाले. शेवटी म्हणाला, "तो बहुतेक मी ठेवला नाही. जागा होत नाही, म्हणून चांगला तयार झाला की आधीचे काढून टाकतो."

शालनबाईनं चौकट उचलली आणि त्याच्या हातात दिली. "ने. ज्याला इंजिन पाहिजे त्याला दे. मिठाई ठीवली तरी चालंल, सून खाईल."

तो गेल्यावर ती बराच वेळ ओट्यावर बसली होती. इतक्या वर्षांत त्या लाइनवरून किती माणसं गेली, किती जणांनी खिडकीतून, आधी कॅमेरा आणि मग फोन काढून, बाहेरचे फोटो घेतले. त्यातल्या एखाद्यात तरी कडेला उभी असलेली गँग आली असेल, असं तिला आधी कधी तरी वाटायचं. सुदामही आला असेल कुणाच्या तरी फोटोत, पहार खांद्यावर टाकून. आता तिला कळलं की आला असेल तरी लोकांनी त्याला पुसून तिथं झाड लावलं असेल.

त्याच आठवड्यात तिनं कुंपणाच्या कडेनं, पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडवळ पेरलं. बुद्धरत्ननं विचारलं, आपल्याकडे जनावर नाही, वैरण कुणासाठी? ती म्हणाली, बघू. तिनं त्या ओळीला कोथिंबिरीपेक्षा जास्त पाणी दिलं. मार्च लागेपर्यंत कडवळ डोक्याच्या वर गेलं. रविवारची माणसं आली आणि बांधावर तिपाया मांडून बघतात तर समोर नुसती हिरवी भिंत. तिच्यावरून इंजिनाचं छप्पर आणि धूर तेवढा जाताना दिसायचा. दोन रविवार त्यांनी शिडी आणून पाहिली. तिसऱ्या रविवारी नुसता आयुष आला.

शालनबाई मेथी बांधत होती. तो बांधावर बसला. कॅमेरा गळ्यात होता, पण त्याच्यावर झाकण होतं.

"मावशी, एक विचारू? ते कडवळ कधी कापणार?"

"का?"

"ग्रुपवर आलंय की एप्रिलपासून ही जोडी यायची बंद होणार. खरं-खोटं माहीत नाही. पण तसं असलं तर हे शेवटचे दोन-तीन रविवार."

"मग एप्रिलात कापीन."

ती जुड्या बांधत राहिली. तो म्हणाला, "तुम्हाला राग येणं बरोबर आहे."

"राग यायला तू माझा कोण?" ती म्हणाली. "मला नवल वाटतं तुमचं. इंजिनाचा नंबर पाठ, त्याची जन्मतारीख पाठ. त्याच्या खालचा रूळ कुणी धरून ठिवला, ते एकाला तरी ठाव हाय का? ह्या वळणाला दर पावसाळ्यात खडी खचती. तीस वर्सं आमी ती भरली. तुझं इंजिन हितं झोकात वाकडं होऊन जातं ना, ते आमी रूळ तसा बसवला म्हणून."

आयुषनं वळणाकडे पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच बघत होता. त्याचा चेहरा बघून शालनबाईला त्याची दया आली नाही. आला तो कंटाळा.

"इळा घे तिथला," ती म्हणाली. "मधलं पंधरा हात काप. आन् फोटू काढायचा तर मी हुभी राहीन. मधोमध. चालंल?"

"चालेल की, मावशी."

"पुसशील?"

"नाही."

त्यानं कडवळ कापलं ते बघण्यासारखं होतं. विळा उलटा धरला, तिनं ओरडून सरळ करायला लावला. पंधरा हात कापायला त्याला पाऊण तास लागला आणि तेही दातांनी कुरतडल्यासारखं दिसत होतं. हाताला फोड आला तो त्यानं तिला दाखवला. तिनं बघितला नाही.

जोडी साडेदहाला आली. शालनबाई कापलेल्या मोकळ्या जागेत उभी राहिली, कुंपणाच्या अलीकडे, हातात मेथीची जुडी तशीच होती. आयुष म्हणाला, थोडं हसा. ती हसली नाही. मागून इंजिनं धडधडत गेली. ड्रायव्हरनं खिडकीतून बघितलं असेल नसेल, तिची तर त्याच्याकडे पाठ होती.

फोटो त्यानं संध्याकाळीच ग्रुपवर टाकला, खाली तिचं पूर्ण नाव, आणि 'याच वळणावर तीस वर्षं गँगमध्ये काम' असं लिहून. दुसऱ्या दिवशी दुपारी शालनबाई बाजारातून आल्यावर श्रद्धा फोन घेऊन बसली.

"आई, लोकांनी काय काय लिहिलंय, वाचू?"

"वाच."

"एक म्हणतो, धूर जबरदस्त."

"पुढं."

"दुसरा म्हणतो, लाइट मस्त, पण समोरच्या बाईंमुळे फ्रेम बिघडली. तिसरा म्हणतो, मावशींना कापून पुन्हा टाक, भावा. त्याच्यावर अकरा अंगठे आहेत."

"आन् चांगलं कुणी?"

"तनुजा नावाची एक मुलगी आहे, ती म्हणते, मावशींचा चेहरा मला इंजिनापेक्षा आवडला."

"चेहरा वाकडा हाय माझा त्यात. ती आंधळी असंल. पुढं."

श्रद्धाला पुढचं वाचावं की नको कळेना. "एकानं लिहिलंय की या बाई रुळाच्या फार जवळ उभ्या आहेत. अशा अडाणी लोकांना सुरक्षितता शिकवली पाहिजे. रेल्वेनं यांच्यावर कारवाई करावी."

शालनबाईनं पिशवी खाली ठेवली. मग ती हसली, चांगली पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. श्रद्धानं लग्न होऊन आल्यापासून सासूला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"हा कोण?"

"नाव इंग्रजीत आहे. फोटोत कुत्रा आहे."

"लिही त्याला. म्हणावं, मी हुभी हाय तिथनं रूळ बावीस फूट हाय. कुंपणाच्या ह्या अंगाला. इसवास नसंल तर फूटपट्टी घिऊन ये, मी हाय हितंच."

"असंच लिहू?"

"असंच. माझं नाव घाल खाली. आन् हुद्दा घाल. निवृत्त ट्रॅकमन."

श्रद्धानं लिहिलं. त्या माणसाचं उत्तर काही आलं नाही. अंगठे मात्र आले, चार.

आयुष पुढच्या रविवारी छोटा फोटो छापून घेऊन आला, हातात मावेल एवढा. शालनबाईनं तो उजेडात धरून बघितला. इंजिन थोडं धूसर आलं होतं, कडवळ वाकडंतिकडं कापलेलं स्पष्ट दिसत होतं आणि मधोमध ती होती, कपाळाला आठ्या घालून, मेथीची जुडी घट्ट धरून. तिनं तो श्रद्धाकडे दिला आणि सांगितलं, पेटीत ठेव, कागदपत्रांबरोबर. भिंतीवर लावायचा का, असं श्रद्धानं विचारलं, तर म्हणाली, भिंतीवर मेल्यावर लावतात, मी अजून हाय.

एप्रिल उजाडला. जोडी बंद झाली म्हणावं तर एखाद्या बुधवारी, ज्या दिवशी एकही कॅमेरावाला नसायचा, नेमकी यायची आणि धूर सोडत निघून जायची. शालनबाई त्याचा निरोप कुणाला देत नव्हती. उरलेलं कडवळ तिनं कापून शेजारच्या गोठ्यात दिलं आणि त्या जागेत उन्हाळी मेथी टाकली.